हत्तरगीच्या पुढचं बोलणं

आमच्या सासरी नवरा-बायकोनं चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती. भांडण नव्हतं, धाक म्हणावा तसा धाकही नव्हता, पण रीत म्हणजे रीत. शहापुरातलं ते घर लांबलचक होतं. पुढं सासऱ्यांचे दोन हातमाग, मधे माजघर आणि मागं चूल. भाजी संपली असेल तर मी सासूबाईंना सांगायचं, आणि सासूबाईंनी ती बातमी ह्यांच्यापर्यंत पोचवायची. हे तिथंच पाटावर बसून जेवत असले तरी. खोली आमची वेगळी होती, पण भिंत फळ्यांची. पलीकडं सासूबाईंनी कूस बदलली की आम्हाला कळायचं, म्हणजे आमचंही तिकडं कळत असणार. दिवसभर मागाची खटखट. त्यात कुजबुजलेलं ऐकू जायचं नाही, आणि नवऱ्याशी ओरडून बोलणारी सून त्या गल्लीत अजून आली नव्हती.

मग आम्ही बोलायचो कुठं, तर मोटारसायकलवर.

ह्यांची साडेतीनशे सीसीची काळी गाडी लग्नाच्या आधीपासूनची. हे उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर होते आणि गाडी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. पुढं ह्यांची सीट, मागं माझी वेगळी गोल सीट, स्प्रिंगवाली, आणि मधे धरायला लोखंडी मूठ. माझं माहेर निपाणी. पंधरा दिवसांतून एका रविवारी आम्ही आईला भेटायला जायचो. गाडी चाळिसाच्या वर कधी पळाली नाही. धप्‌ धप्‌ धप्‌ करत जायची, आणि त्या दोन धपांच्या मधे मी बोलून घ्यायची.

त्या बोलण्याचीसुद्धा रीत पडली होती. काकतीपर्यंत किरकोळ गोष्टी, कारण तोवर रस्त्यात टांगे, सायकली, म्हशी, आणि ह्यांचं लक्ष तिकडं. काकती सुटली की सासूबाई. वंटमुरीच्या घाटात धाकटी नणंद. तिच्याबद्दल बोलायला चढच बरा पडायचा. हत्तरगीच्या पुढं मोठे विषय: घरी आजीजवळ ठेवलेली मुलगी शाळेत कुठं घालायची, मी शिवणाचा क्लास काढू का नको, असले. संकेश्वरात चहा. चहाला गप्प, कारण तिथं हॉटेलात माणसं असत. आणि तवंदीच्या घाटात एक अक्षर नाही. तिथं हे मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत असत. इंजिनानं मान राखली की निपाणी.

आता तुम्ही विचाराल, हे काय बोलायचे? हे म्हणायचे, "हं." एवढंच. माझा हात लागू नये म्हणून सासूबाईंनी लोणच्याच्या बरणीला फडकं बांधून वर गाठीवर गाठ मारली, हे मी पदर सावरत सावरत सांगावं, आणि पुढून, "हं." नणंदेनं माझी नवी साडी नेसून पहिला डाग पाडला. "हं." पण माझं काही बिघडत नव्हतं. पंधरा दिवसांचं पोट मोकळं व्हायचं. परत येताना मी निम्मी हलकी झालेली असायची, आणि मग पुढचे पंधरा दिवस कुणाचं काहीही ऐकून घ्यायची ताकद यायची. खरं सांगते, त्या गाडीनं माझा संसार टिकवला. भटजीनं फक्त लावून दिला.

साल पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला ती नवी गाडी बेळगावात आली. जपानी बनावटीची, दोन सिलिंडरची, लाल भडक, पुढं वारा अडवायला काच. खानापूर रोडवर एका दुकानात ती उभी केली होती, आणि रविवारी सकाळी आमच्या दारात जमणाऱ्या ह्यांच्या मंडळींना दुसरा विषयच उरला नाही. मंडळी म्हणजे दोघंच, पण आवाज दहाजणांचा. एक वकील. त्यांच्याकडं दोन सायलेन्सरची जुनी गाडी होती आणि ती सुरू होईपर्यंत कोर्ट उठायचं. दुसरे डेअरीवाले आप्पा. त्यांची गाडी ह्यांच्यासारखीच, पण दोन्ही अंगाला दुधाचे कॅन लटकवलेले. तिघांनी वीस वर्षं गाड्या हाणल्या होत्या. गोवा, लोंढा, कोल्हापूर, पावसात, चिखलात. त्यामुळं गाडीतलं आपल्यालाच कळतं अशी प्रत्येकाची खात्री, आणि बाकी दोघांना काडीचं कळत नाही अशीही खात्री. चहा मात्र माझा.

एका रविवारी दुकानाचा विक्रेता स्वतःच गाडी घेऊन दारात आला. ह्यांनी बोलावला होता, हे मला नंतर कळलं. त्या गाडीचा गुळगुळीत रंगीत कागद ह्यांनी महिनाभर गादीखाली ठेवला होता, आणि गादी झाडणारी मीच होते. त्यामुळं काय चाललंय ते मला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. बोलले नाही. घरात बोलायची सोय नव्हती.

विक्रेता हुबळीकडचा तरुण, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. म्हणाला, "सर, ही स्पोर्ट टूरिंग मॉडेल आहे बघा."

आप्पा म्हणाले, "म्हंजे शर्यतीची का परगावाला जायाची?"

"दोन्हीची री आप्पा."

"शर्यतीचा बैल येगळा, नांगराचा येगळा. एकच बैल दोन्ही करतो म्हणून बाजारात कोण सांगाय लागला की आधी दात बघावं." आणि आप्पांनी खरंच वाकून सायलेन्सरमध्ये बोट घातलं, बाहेर काढून वास घेतला आणि धोतराला पुसलं. त्यातनं त्यांना काय कळलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

वकिलांनी उलटतपासणी घेतली. "पेट्रोल किती खाते?"

"ते चालवण्यावर आहे सर."

"चालवण्यावर सगळंच असतं. जास्त खाते, हो की नाही?"

"पण सर, पिकअप..."

"पिकअप विचारला नाही. हो की नाही, एवढंच सांगा."

"हो सर," बिचारा म्हणाला.

ह्यांनी मात्र गाडीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. खिशातला रुमाल काढला आणि टाकीवर नसलेली धूळ पुसली. मी उंबऱ्यातून बघत होते. मला बघायला आले होते तेव्हा ह्यांनी माझ्याकडं इतकं निरखून बघितलं नव्हतं. मी मात्र त्या गाडीची मागची बाजू बघत होते. एकच सलग सीट, मागं चढत गेलेली. मधे मूठ नाही. साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी असते, ती नाही. आणि विक्रेत्यानं नुसती किक मारून आवाज चढवला तर आमचे माग ऐकू यायचे बंद झाले. सासरे आतून ओरडले, "कोण मेलं रं?"

मी मनात म्हटलं, ही आली की संपलं. आता माझं ऐकणार कोण?

खरीखोटी सगळी कारणं माझ्याकडं तयार होती: जाळी नाही, सीट उंच, लाल रंग म्हशींना सोसत नाही. पण ती सांगायची कुठं? सासूबाईंमार्फत? आणि खरं कारण तर कुणालाच सांगण्यासारखं नव्हतं. 'मला ह्यांच्याशी बोलता येणार नाही' असं कुठली बाई चारचौघांत म्हणेल? त्यातून त्या वेळी माझ्याकडं एक मोठा विषय अर्धा राहिलेला होता. आईला मोतीबिंदू झाला होता. वडील गेल्यापासून निपाणीत ती एकटीच, आणि मागच्या खेपेला तिनं आम्हाला चहात मीठ घालून दिलं होतं. ह्यांनी तो गुपचूप प्याला, मीही प्याले. डोळ्याचं ऑपरेशन बेळगावात करायचं तर पुढं महिना-दोन महिने तिला आमच्याकडं ठेवायला हवं होतं. आणि आमच्यात लेकीच्या सासरी आईनं पाणीसुद्धा पिऊ नये असा दंडक. मुक्काम तर दूरच. गेल्या खेपेला येताना संकेश्वर सुटल्यावर मी विषय काढला, 'आईचं काय करायचं' इथपर्यंत आले, आणि नेमकं हत्तरगीजवळ चाक पंक्चर झालं. पुढं एका ट्रकवाल्यानं गाडीसकट आम्हाला आणून सोडलं. ट्रकवाल्यादेखत मी काय बोलणार?

इकडं मंडळींचं ठरलं. बेळगावच्या जुन्या लोकांत गाडी पारखायची एकच कसोटी होती: तवंदीचा घाट डबलसीट, तिसऱ्या गिअरवर चढली पाहिजे. दुसऱ्यावर उतरली की ती गाडी भाजीबाजाराच्या कामाची. आता डबलसीट म्हणजे मागं कोण, यावर वाद सुरू झाला. वकील म्हणाले मी बसतो. आप्पा म्हणाले, "तुमी कशाला? ह्येच्या गाडीवर रोजचा बोजा कुठला, त्योच ठेवाय पायजे. वैनी बसू द्यात. वैनी म्हंजे दोन कॅन आणि वर एक चरवी."

मी चहाचे कप जरा जोरात गोळा केले. पण बसले. पंधरा दिवसांचं राहिलेलं होतं.

आता त्या सीटचं सांगते. चढत गेलेली सीट, गुळगुळीत रेक्झिन आणि माझी नायलॉनची साडी. गल्लीच्या कोपऱ्यावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि मी सरळ घसरत ह्यांच्या पाठीला. मागं सरकून बसले. खडेबाजारात सायकल आडवी आली, पुन्हा पाठीला. दुकानांच्या दारात ओळखीची माणसं उभी. बांगड्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं चष्मा वर करून बघितलं. आठ-नऊ वर्षं आमच्यात ती लोखंडी मूठ होती, आणि आता भर बाजारात हे असं. मी लाजेनं अर्धी झाले. आणि खोटं कशाला बोलू, आवडलंही. काकतीच्या अलीकडं दोनदा तरी ब्रेकची काही गरज नव्हती, असं मला अजूनही वाटतं.

पण काकती सुटली आणि मी तोंड उघडलं, तर तोंडात वाराच वारा. सासूबाईंचा विषय सुरू केला. एक वाक्य होईतोवर वंटमुरीचा घाट आला. नणंदेला हात घालते तोवर घाट संपला. जे विषय मी गावागावांवर नेमून ठेवले होते ते सगळे एकमेकांवर येऊन आदळले. हत्तरगी आली तशी मी ठरवलं, बाकी सगळं मरू दे, आईचं बोलायचं. ह्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. मोतीबिंदू, ऑपरेशन, दोन महिने, आमच्याकडं ठेवायचं, तुम्ही मामंजींना विचाराल का.

पुढून आवाज आला, "हं."

मला बरं वाटलं. पण मग शंका आली. मीच माझा आवाज नीट ऐकला नव्हता, तर ह्यांना काय ऐकू गेलं असणार? म्हणून मी मुद्दाम म्हटलं, "मी उद्यापासून विड्या वळायला जाणार आहे."

"हं."

"आप्पांच्या म्हशीला दोन डोक्यांचं रेडकू झालं."

"हं."

गाडी नवी, वारा नवा, पण 'हं' तोच, अगदी जुन्या गाडीवरचा. म्हणजे हा माणूस जुन्या गाडीवरही असाच न ऐकता 'हं' म्हणत होता की काय? आठ-नऊ वर्षं? लोणच्याच्या बरण्या, डाग पडलेल्या साड्या, शाळा, क्लास, सगळं मी कुणाला सांगत होते? मैलाच्या दगडांना? मला रडू यायला लागलं, आणि वाऱ्यानं ते डोळ्यातनं सरळ कानाकडं गेलं.

संकेश्वरात चहाला थांबलो नाही, ते गाव केव्हा गेलं ते कळलंच नाही. निपाणीत पोचलो तेव्हा आईच्या चुलीवर भातही चढला नव्हता. ती म्हणाली, "लवकर आलासा." मी म्हटलं, "व्हय." हे गाडीला काय झालं का म्हणून वाकून बघत होते, आणि मला काय झालं हे बघायला कुणी वाकत नव्हतं. जेवून निघालो. येताना मी एक शब्द बोलले नाही. बोलू तरी कुणाशी? तवंदीचा घाट आला, गाडी चौथ्या म्हणजे टॉप गिअरवर सुसाट वर गेली, आणि ह्यांची मान तिरकी झाली नाही.

शहापुरात पोचलो तर दारात अख्खा दरबार. वकील, आप्पा, विक्रेता. ओट्यावर सासरे बिडी ओढत बसलेले, आणि मागून उंबऱ्यात सासूबाईसुद्धा आलेल्या. मी उतरून पदर सावरत आत जायला निघाले.

वकिलांनी विचारलं, "तिसऱ्यावर चढली?"

"टापवर चढली," हे म्हणाले.

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. तवंदीला टॉपवर चढलेली गाडी त्यांच्या जन्मात त्यांनी ऐकली नव्हती.

"मग काय, ठरलं," वकील म्हणाले. विक्रेत्यानं खिशातून पेन काढलं.

"न्हाय घेत," हे म्हणाले.

"का रं बाबा? काय खोट हाय?" आप्पांनी विचारलं.

"गाडीत खोट न्हाय. लई झ्याक गाडी हाय." ह्यांनी पुन्हा रुमालानं टाकी पुसली, या वेळी खरी धूळ होती. मग मान खाली घालूनच म्हणाले, "हिचं बोललेलं ऐकू येत न्हाय."

मी उंबऱ्याशी थांबले. ह्यांनी चारचौघांत, आईवडिलांदेखत, माझं नाव नव्हे, पण माझा विषय काढला होता. असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

आप्पा म्हणाले, "आरं, त्यासाठी तर लोकं उड्या टाकून घेतील की ही गाडी." वकील इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि सांगते ना, शेवटी ती लाल गाडी त्यांनीच घेतली. पण सासरे हसले नाहीत. त्यांनी बिडी विझवली आणि विचारलं, "काय बोलती ती एवढं?"

मला वाटलं आता हे 'काही नाही' म्हणतील. ह्यांची ती सवयच होती.

हे म्हणाले, "तिच्या आईचं डोळ्याचं. मागल्या खेपेला हत्तरगीला पंक्चर झालं आणि तिचं अर्धंच राहिलं. 'आईचं काय करायचं' इथपतोर आलती. आज पुढचं सांगंल म्हणून मी वाट बघत होतो, तर ह्या वाऱ्यात काय सुदीक कळंना. नुसतं 'हं, हं' करत गेलो." मग रुमालाची घडी घालत म्हणाले, "मला वाटतंय, आपरेशनला हितं आणून ठेवू म्हणत असंल."

सासरे म्हणाले, "मग आण की. हे इचारायला निपाणीपतोर कशाला जायाला पायजे?"

मी सासूबाईंकडं बघितलं. अडेल तर तिथंच अडेल, हे मला माहीत होतं. लेकीच्या सासरी राहायचं नाही, हा दंडक बायकाच पाळतात आणि बायकाच मोडू देत नाहीत. सासूबाईंनी कमरेला पदर खोचला आणि तोंड दुसरीकडं करून म्हणाल्या, "लेकीच्या घरी न्हवं, विहिणीच्या घरी येत्याती म्हणून सांग तिला. माझ्या जवळ निजतील. मला तर बोलायला कोण हाय ह्या घरात?"

मी आत पळाले आणि चुलीपाशी बसून रडले. आनंदानं रडले, ते तर खरंच. ह्यांनी ऐकलं होतं. पंक्चरपर्यंतचा शब्द न्‌ शब्द ऐकला होता, आणि राहिलेल्या अर्ध्यासाठी पंधरा दिवस वाट बघितली होती. मग एकेक आठवायला लागलं. मुलगी ज्या शाळेत घातली ती मी म्हटलेलीच शाळा. शिवणयंत्र मी मागितलं नव्हतं, नुसतं क्लासचं बोलले होते, तरी ते आलं. थंडीत हे मफलर गुंडाळायचे तेव्हा डावा कान उघडाच राहायचा. मी तिरपी बसायची त्या बाजूचा. मी म्हणायची, किती हा वेंधळा माणूस.

डोळे पुसत होते, तेवढ्यात सासूबाई आत आल्या. म्हणाल्या, "रडायला काय झालं? ऊठ. विहीणबाईंना लोणचं लागंल न्हवं जेवताना? बरणी सोड." आणि त्यांनी आपल्या हातानं त्या गाठी सोडायला घेतल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ह्यांनी सगळं ऐकलं होतं म्हणजे सगळंच ऐकलं होतं. काकतीपासून वंटमुरीपर्यंतचंही. स्वतःच्या आईबद्दल, बहिणीबद्दल, आठ-नऊ वर्षं, येता-जाता दोन्ही वेळेला. मी पदर तोंडावर घेतला. ते सगळं मुकाट ऐकून घेऊन हा माणूस पुढच्या खेपेला पुन्हा गाडी पुसून तयार ठेवायचा, आणि माझी मागची सीट आधी पुसायचा.